शंखातला खेकडा

अहो, आपल्या धाराशिवला समुद्र कुठला? म्हणून कोकणातनं येताना आम्ही पिशवीभर शंख-शिंपले वेचून आणले. धुऊन अंगणात दगडांच्या ढिगावर वाळत घातले. नंतर मी आणि माझी मोठी जाऊ आरशाच्या चौकटीला ते चिकटवत बसलो. एक मोठा शंख मी तळहातावर घेतला, तर आत काहीतरी हललं.

"ताई, ह्यात खेकडा जिता राहिलाय वाटतं!" मी हसत म्हणलं.

जाऊबाई हसतच वाकल्या, आत बघितलं आणि म्हणाल्या, "हात हलवू नको. इंचू हाय."

नांगी वर करून तो विंचू बाहेर आला आणि माझ्या मनगटावर थांबला. मला श्वास घ्यायचीसुद्धा भीती वाटत होती.

"हळूच हात फरशीला टेकव. उतरू दे त्याला," जाऊबाई म्हणाल्या.

मी टेकवला. तो बोटांवरनं चालत खाली उतरला, तसं जाऊबाईंनी त्याच्यावर पातेलं पालथं घातलं.

मग मला रडू फुटलं. जाऊबाई पदरानं माझं तोंड पुसायला लागल्या, पण त्यांचाच हात इतका कापत होता, की शेवटी मीच त्यांना धरून बसवलं आणि पाणी पाजलं.