तान्ह्या पोटावरचा हिंग

अगं, बाळाला हिंग लावायचं मला नको सांगूस! डोंबिवलीच्या चाळीत आम्ही नवीन होतो. माझी तान्ही लेक पोट दुखून सकाळपासून रडत होती. शेजारच्या काकूंनी कोमट पाण्यात हिंग कालवून तिच्या बेंबीभोवती लावला. मग समोरच्या मावशींनी लावला. वरच्या आजींनीही लावला. थोरामोठ्यांना नाही कसं म्हणणार?

संध्याकाळी लेक निजली आणि मलाच रडू फुटलं. घरात अजून चूलसुद्धा पेटली नव्हती. तेवढ्यात हे ऑफिसातून आले. दारातूनच म्हणाले, "वा! काय खमंग वरण केलंयस!"

"वरण नाही, तुमची लेक आहे ती!"

ह्यांनी तिचं पोट हुंगलं, शर्टाच्या बाह्या वर सारल्या. "तू पड तिच्याशेजारी. वरण मी करतो. हिंग उरलाय ना?"