टेटच्या ट्रकचा आवाज

हॅलो?… हो, वर्लिनच बोलतोय… कोण, डार्ला? पार्ट्सच्या दुकानातून ना? बरं झालं पोरी, तूच फोन केलास. सकाळी तुमचा तो नवा माणूस होता, त्यानं मला मॉडेल तीनदा विचारलं आणि तीनदा चुकीचं लिहिलं.

हो, हो… निरोप बरोबर आहे. ट्रकला काहीतरी बसवायचंय. इंजिन उघडायचं नाही, वरून नटबोल्टनं बसतं ना, तसलं… हस, हस. चाळीस वर्षं ज्यानं गाडीला साधा स्टिकर चिकटवू दिला नाही, तो वर्लिन हॉगन आज टर्बो मागतोय. हस तू.

नाही गं, माझ्या गाडीला नाही. तिचा गिअरबॉक्स मार्चमध्येच गेला. गोठ्यामागे उभी आहे, कोंबड्या बसतात तिच्यावर… टेटच्या. टेटच्या ट्रकला.

…

हो. टेट जाऊन सात महिने होतील आता… आर्डिस बरी आहे. आईच ती त्याची, पण उठते, स्वयंपाक करते, चर्चला येते. तू बघतेसच की… आत्ता अंडी गोळा करायला गेलीय, म्हणून तर मोकळेपणानं बोलतोय. आणि हे बघ, रविवारी भेटलीस तर यातलं अवाक्षर काढू नकोस तिच्यापाशी.

बरं, सांग, काय काय मिळतं?… थांब, पेन्सिल कुठं गेली… हां, बोल. एअर फिल्टरचा मोठा डबा… लिहिलं. धुराचा जाड पाइप… लिहिलं. कंप्युटरचा प्रोग्राम… किती? शंभर हॉर्सपॉवर? नुसता प्रोग्राम बदलून?… आणि पिस्टन वितळला म्हणजे?… हां. म्हणजे पहिल्यांदा उष्णतेचा मीटर. मग हवा, मग धूर, आणि डिझेल वाढवायचं ते सगळ्यात शेवटी. अगं, हेच मी त्याला घसा फोडून सांगत होतो! आमचे चिरंजीव मीटर न लावताच प्रोग्राम टाकायला निघाले होते. आधी कळस मग पाया… तूही सांगितलं होतंस? आणि तुझंही ऐकलं नाही. मग माझं काय ऐकणार होता!

हो… हो, टर्बोचंही कळलं. पण… अगं ऐक ना. डार्ला, ऐक. मला एकच सांग. यातल्या कशानं आवाज बदलतो?

आवाज. ट्रकचा आवाज… ताकद राहू दे गं… हो, म्हटलं होतं मी, गवताचे गठ्ठे भरले की चढावर दमतो म्हणून. निरोपात काहीतरी सांगायला हवं, म्हणून सांगितलं. कुठला दमतोय! चढ आहे हेच त्याला कळत नाही.

फिल्टरनं शीळ वाढते… बरं. आणि टर्बो मोठा घातला तर?… वेगळी शीळ. पण किती वेगळी? म्हणजे एखादं माणूस घरात भांडी घासतंय, नळ चालू आहे, आणि लांबून ट्रक येतोय, तर त्याला ओळखू येईल का, तोच ट्रक आहे म्हणून?

छे, चोराबिराचं नाही काही…

सायलेन्सर नाही त्याला, माहीत आहे मला. त्यानंच कापला. माझ्या शेडमध्ये, माझ्याच करवतीनं. मी म्हटलं, अरे गाढवा, दोन मैलांवरून ऐकू येईल हे! तर म्हणतो, म्हणूनच कापतोय. तळ्याच्या वळणावर आलो की आईला कळेल, तिनं तवा तापत ठेवायचा, मी दारात येईपर्यंत मांस तयार… हो ना. लाडोबा. आणि ती ठेवायचीसुद्धा. रोज. पाच वर्षं.

नको, नको. नवा सायलेन्सर जोडून पुन्हा जुना आवाज नको. तो आवाजही त्याचाच. शाळेत होता तेव्हा त्याच आवाजात यायचा, मागच्या सीटवर तुम्ही चारजण कोंबलेले… मला तिसराच पाहिजे. त्यानं कधी न ऐकलेला.

…

डार्ला? आहेस ना?… सांगतो. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं.

मार्चमध्ये माझी गाडी गेली. ऐन वासरांचे दिवस, म्हणून त्याचा ट्रक काढला. तोवर हात लावला नव्हता. नोव्हेंबरात गव्हाच्या कोठीत उतरला आणि गव्हाखाली गाडला गेला, तेव्हा हाच बाहेर उभा होता ना… चालू. आम्ही त्याला बाहेर काढलं तरी इंजिन चालूच होतं. दुपारपर्यंत बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

तर पहिल्याच संध्याकाळी मी वळणावरून आलो आणि बघतो तर आर्डिस दारात. हात पिठाचे. आत तव्यात मांसाचे तुकडे. तीन. तीन तुकडे, डार्ला… मी दार उघडून उतरलो. कोण उतरलं ते तिनं बघितलं. आत गेली आणि गॅस बंद केला.

मला वाटलं, झालं एकदा. पण रोज. तेव्हापासून रोज येते दारात, आणि रोज मी उतरतो. मेलेली वासरं ओढून काढलीत मी, बापाला या हातांनी पुरलं. पण रोज संध्याकाळी तिच्यासमोर त्या ट्रकमधून मी उतरायचं… हे नाही होत माझ्यानं.

ट्रक ती विकू देत नाही. नुसता उभा करून ठेवला तर गवत कशानं ओढू? म्हणून म्हटलं, आवाजच बदलू. ओळखू आला नाही तर दारात येणार नाही. तेवढंच मागतोय गं मी.

दोन्ही लागतील? बरं, टर्बो आणि पाइप दोन्ही मागव… हो, मागव म्हणतोय ना. नाव माझं लिही… हॉगन, शेवटी एन…

थांब. थांब जरा, डार्ला. ठेवू नकोस.

आर्डिस? तू कधी आलीस?… अगं ती टोपली ठेव आधी खाली, अंडी पडतील… काही नाही, डार्ला आहे. चढावर ट्रक जरा दमतो ना, म्हणून…

…बरं. हो. नाही दमत.

किती ऐकलंस?… हो, तुझ्यासाठीच करत होतो. दुसऱ्या कुणासाठी करणार?

काय?… माहीत असतं? ट्रकमध्ये मीच आहे, हे तुला… रोज माहीत असतं?… पहिल्या दिवशी नव्हतं. हं. आणि मग का गं येतेस दारात?

…

किती मिनिटं?… वळणापासून दारापर्यंत चार असतील. फार तर… त्या चार मिनिटांत तो येत असतो. असं म्हणतेस.

अगं पण नंतर मी उतरतो, त्याचं काय? तुझा चेहरा बघतो ना मी… काय म्हणालीस?… कुणीतरी उतरतं तरी. हो. हो, आर्डिस… बस तू. बस त्या खुर्चीवर.

हॅलो… डार्ला? ऐकलंस ना?… सगळं रद्द कर. टर्बो नको, पाइप नको, काही नको. त्या ट्रकला हात लावायचा नाही… उलट मला सांग, तो कापलेला पाइप मागून गंजत चाललाय. तो टिकवायला काही आहे का तुझ्याकडे?… पट्टी आवळून बसते? पण आवाज तोच राहील ना?… नक्की? अगदी तोच?… मग काढून ठेव. आणि एक ऑइल फिल्टर. आत्ताच येतो न्यायला.

रडू नकोस पोरी, गिऱ्हाइकं बघतील…

थांब, ही काहीतरी म्हणतेय. काय गं?… हं?… बरं. येईन तसा. रोज येईन.

नाही, तुला नाही म्हटलं डार्ला… काही नाही गं. म्हणतेय, वळणापासून पुढं जरा हळू चालवत ये.

ठेवतो.