देवांसकट फ्लॅट

बसा ना, उभे का — खुर्ची स्वच्छ आहे, रोज पुसते मी. नळ सोडून बघितलात का? नाही ना? सोडा, लाजू नका. फ्लॅट घ्यायला येतात ती माणसं टाइल्स बघतात, खिडकीतून वारा येतो का बघतात, गॅलरीत उभं राहून फोटो काढतात — नळ कुणी सोडत नाही. मग भाडेकरू राहायला येतो आणि दुसऱ्या दिवशी फोन, वर पाणी चढत नाही म्हणून. इथं चढतं. इंदिरानगरात पाण्याची रड नाही. बरं, दिनेश येईलच एवढ्यात, झेरॉक्सवाल्याकडं गर्दी असते म्हणून थांबला असेल. तो आला की तुमचं टोकनचं बोलणं सुरू होईल, मग मला कुणी तोंड उघडू देणार नाही, तेव्हा आत्ताच सांगून मोकळी होते. मी त्याची आई, यशोदाबाई. फ्लॅट त्याच्या नावावर आहे, ह्यांनीच जाण्याआधी करून दिला, माझी काही तक्रार नाही. तो विकतोय, विकू दे. तुम्ही घेताय, घ्या. माझं म्हणणं एकच — स्वयंपाकघरात कोनाड्यात देव आहेत ना, ते इथंच राहतील. आणि मी रोज सकाळी येऊन त्यांची पूजा करीन. तासाभराचं काम. बाकी सगळा फ्लॅट तुमचा.

आता असं बघू नका. आधी ऐका. तुम्ही काही इथं राहणार नाही, भाड्यानं देणार — हो ना? दिनेश म्हणाला, ठाण्याचे आहेत, गुंतवणूक म्हणून घेतायत. मग लांबून कसं करणार हो? भाडेकरू काय ठाण्याहून दिसतो का? तुम्हाला इथलं माणूस लागणार. एजंट ठेवाल — तो ग्राहक आणून देतो आणि हात झटकतो, गिझर बिघडला की त्याचा फोन लागत नाही. त्यापेक्षा मी आहे. मला पैसे नकोत. ह्यांच्यामागं सगळे भाडेकरू मीच बघितले, दिनेशला वेळ कुठं असतो. मी तुम्हाला सगळं शिकवते, फुकट. लिहून घेऊ नका, साध्या गोष्टी आहेत.

पहिलं म्हणजे करार. अकरा महिन्यांचा, आणि नोंदवलेला. ओळखीतला आहे, गावचा आहे, मामांच्या साडूचा मुलगा आहे — असला तरी करार. ओळखीतल्याला तर आधी करार, मग चहा. पोलिसांत माहिती द्यायची, आता मोबाइलवरून होतं सगळं, दिनेशनं मला दाखवलंय. किल्ली द्यायच्या आधी घराचे फोटो काढून ठेवायचे — भिंती, बेसिन, पंखे, खिडकीची जाळी. आणि ते फोटो त्यालाच पाठवायचे, म्हणजे जाताना आवाज चढत नाही. चांगला भाडेकरू असेल तर भाडं वाढवायला घाई करायची नाही. तो गेला की घर रिकामं राहतं, रंग द्यावा लागतो, एजंटला द्यावं लागतं — वाढवलेलं सगळं त्यातच जातं. दुरुस्तीचा फोन आला की त्याच दिवशी प्लंबर पाठवायचा. नळाचं वायसर बदलून दिलं की भाडेकरू वर्षभर गोड बोलतो. आणि माणूस कसा ओळखायचा? काही ओळखता येत नाही. लोक सांगतात, चेहरा बघा, बोलणं बघा. मी आधीच्या घरमालकाचा नंबर घेते आणि त्याला विचारते, का सोडलं म्हणून. खरं तिथं कळतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ही मात्र डोक्यात ठेवा — एकदा किल्ली दिली की घर त्याचं. मालक असलो तरी फोन करून जायचं. सारखं सारखं जायचं नाही. भाडेकरूच्या डोक्यावर बसलं की तो पळतो. ... मी? माझं वेगळं. मी कुठं भाडेकरूकडं जाते, मी देवाकडं जाते. माझ्याकडं किल्ली असते, मी आवाज न करता येते, ते झोपलेले असले तर असू देत, मी माझी स्वयंपाकघरात. घंटा तेवढी वाजते, ती तर वाजवावीच लागते.

तुम्हाला वाटेल, मग टिकतं का कुणी? टिकतात की. आधी दोन मुलं होती, अंबडच्या कंपनीतली. गुणी मुलं. फक्त रविवारी आडवी पडलेली असायची ती इथं हॉलमध्ये, म्हणजे आता तुम्ही बसलाय तिथंच, आणि मला फुलं घेऊन त्यांच्या पायांवरून जावं लागायचं. एकदा एक उठला आणि मला बघून ओरडलाच. मी म्हटलं, अरे मी आहे, झोप. त्यांनी दुसरीकडं खोली बघितली. जवळ पडतं म्हणाले कंपनीला. मग सविता आली, नर्स, सुरगाण्याकडची, एकटीच. तिच्यासारखी पोरगी मिळणार नाही — घर आरशासारखं. पण तिची रात्रपाळी. ती सकाळी येऊन आडवी पडणार आणि मी तेव्हाच येणार. काही बोलायची नाही हो ती, उलट चहा ठेवायची मला. मग एक दिवस म्हणाली, आजी, दोन्ही किल्ल्या माझ्याकडं राहू देता का? मी विचारलं, का? ती म्हणाली, काही नाही, सहजच. सहज कुणी किल्ली मागतं का? मला राग नाही आला. वाईट वाटलं. गेली ती पण. लग्न ठरलं असेल.

तेव्हा दिनेशच मला म्हणाला, आई, अगं देव तिकडं नेऊ आपल्याकडं, म्हसरूळला. तुला रोज दोन बस बदलायला नकोत. मंजुषानं, म्हणजे सुनेनं, सुतार बोलावून देव्हारा करून घेतला — सागवानी, खाली कप्पा, वर दिवा, बटण दाबलं की लागतो. नाव ठेवायला जागा नाही. पण आमचे देव असे पिशवीत घालून नेता येत नाहीत. चांदीचे टाक आहेत, खंडोबा आणि आमची वणीची आई, माझ्या सासऱ्यांच्या आधीपासूनचे. बसलेले देव हलवायचे तर आधी विचारावं लागतं त्यांना. कौल लावावा लागतो. आमच्याकडं फूल लावतात टाकाला — उजवीकडं पडलं तर हो, डावीकडं पडलं तर नाही. शेवंतीचं लावतो आम्ही, माहेर माझं मळेवाल्यांचं, इथं सगळ्या शेवंतीच्याच बागा होत्या तेव्हा. तर मी एकटीच होते घरात, अंघोळ करून फूल लावलं, हात जोडले, आणि पडलं ते उजवीक— डावीकडं. डावीकडं पडलं. दिनेशला फोन करून सांगितलं, देव नाही म्हणतात. तो म्हणाला, बरं. देवापुढं काय बोलणार.

आणि खरं सांगू का, म्हसरूळला मला कुणी काही कमी करत नाही. मंजुषा डबा करते सगळ्यांचा, माझाही करते. मुलं शाळेत, ती दोघं कामावर, बाई येऊन भांडी करून जाते. मी हात लावला तर म्हणतात, आई राहू द्या. सोफ्यावर बसा म्हणतात. बसते. पण सकाळी उठून करायचं काय हो माणसानं? इथं आलं की ओटा पुसावा लागतो, फुलं निवडावी लागतात, समोरची कमळाबाई दारात येते, दोन शब्द होतात. बसचा कंडक्टर सुद्धा ओळखतो मला, एखाद्या दिवशी गेले नाही तर दुसऱ्या दिवशी विचारतो. तिकडं दिवसभरात मला कुणी आई सोडून नावानं हाक मारत नाही. तर ते असो. आपलं भाडेकरूचं चाललं होतं.

शेवटचे ते चांदवडचे. बाई आणि दोन मुली, शाळेसाठी आणलेल्या, नवरा तिकडं कांद्याच्या व्यापारात, शनिवारी यायचा. असे भाडेकरू मिळायला नशीब लागतं. करारातली ओळ न ओळ पाळायचे. दर महिन्याला मला न सांगता जाळ्या धुवायची ती बाई. आणि देवभोळी. पहिले दोन-चार दिवस माझ्याजवळ उभी राहून बघत होती, कुठला टाक आधी, हळद कुठं, कुंकू कुठं. मग एक दिवस मी आले तर देव न्हालेले. फुलं वाहिलेली, तीसुद्धा ताजी जास्वंद, निरांजन लावलेलं, सगळं माझ्यापेक्षा टापटीप. म्हणाली, आजी, आता तुम्ही कशाला दगदग करता, मी करत जाईन रोज. मुलींनी पण स्तोत्र पाठ केलंय. मला अगदी... चांगलं वाटलं. कुणालाही वाटेल. मी दुसऱ्या दिवशी लवकर आले, तर ती माझ्याही आधी उठलेली. तिसऱ्या दिवशी पण. मी आपली पिशवीतली फुलं घेऊन उभी. मग काय करणार, चहा प्याले आणि परत बसच्या थांब्यावर जाऊन उभी राहिले. असं आठवडाभर चाललं. मग मी तिला सांगितलं, अकरा महिने झाले की घर सोडा, दिनेश इथं राहायला येतोय. रडली हो ती, मुलींची शाळा इथं जवळ. दिनेशला सांगितलं, त्यांना गावाकडं जायचंय. त्यांना काही जायचं नव्हतं. मग एजंट कुणाला घेऊन आला तरी मी देवाचं आधी सांगायची, आणि माणसं ऐकून खाली उतरायची, आणि घर रिकामं ते रिकामंच. म्हणून दिनेश विकायचं म्हणतोय. त्याचंही बरोबर आहे, रिकामं घर कुणाला परवडतं.

हे तुम्ही दिनेशला सांगू नका. तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही बाहेरचे.

तर आता बोला तुम्ही, मीच मघापासून बोलतेय. माझ्या अटीत काही जाचक आहे का? कोनाडा तेवढा सोडायचा, मला सकाळी तास द्यायचा. हवं तर करारात घालू, कुणी फसवलं म्हणायला नको. घंटा पण हळू वाजवीन. मी भाडेकरूला काही म्हणणार नाही — मी शिकलेय आता.

काय म्हणालात?

राहू दे म्हणता? देव राहू दे? अहो, देव तुमचं भलं करो, मला वाटलं तुम्ही तोंड फिरवणार, हल्लीची माणसं... काय? हां. हां, ऐकतेय. तुम्ही भाडेकरूला सांगणार. पूजा करणाराच भाडेकरू बघणार. करारातच घालणार की रोजची पूजा त्यानं करायची. म्हणजे या वयात मला दोन बस नकोत. मी घरी बसून निवांत राहायचं, सणासुदीला यायचं दर्शनाला, फोन करून.

बरोबर आहे. अगदी बरोबर. चांगले आहात तुम्ही. तुमच्या आईला अभिमान वाटत असेल.

नाही, पण नकोच ते. देव मी घेऊन जाते. आजच नेते, दिनेशची गाडी आहे खाली. देव्हारा तयार आहे म्हसरूळला, सांगितलं ना, दिवा पण लागतो. कौलाचं काय? कौलाचं मी बघते. तुम्ही त्या कोनाड्यात मिक्सर ठेवा, भाडेकरूला जागा लागते ओट्यावर. नाही, रागावले नाही. तुम्ही असं करा, खाली जा, दिनेश येतच असेल, तिथंच देऊन टाका टोकन. वर येऊ नका दोघं लगेच. मला पूजा करायचीय आणि समोर कुणी असलं की माझ्यानं होत नाही. उठा. जाताना दार ओढून घ्या.