चाचणी हिरवी होती

—नाही हो, बसा ना, खुर्ची आता तुमचीच आहे, मी बदली मागून घेतलीय. तर आपल्या या हॉस्पिटलच्या कामाची पद्धत अशी — या एआय मशीनला दोन-चार ओळींत सांगायचं काय हवंय, ते दोन फायली काढून देतं, एक प्रोग्रामची आणि एक त्याच्या चाचणीची. जोडीनेच येतात. चाचणी चालवायची, हिरवं आलं, म्हणजे पास झालं, की पुढे पाठवायचं. काय म्हणालात? ज्याने पेपर लिहिला त्यानेच तपासायचा? हो, मलाही हे सुचायला हवं होतं. तीन वर्षांत नाही सुचलं.

डायलिसिसच्या वेळा लावून पेशंटना मेसेज करायचा प्रोग्राम होता. मी लिहिलं — सुट्टीच्या दिवशी कुणाला बोलवू नका. मला म्हणायचं होतं, दुसऱ्या दिवशी बोलवा, पण ते लिहिलंच नाही, गृहीत धरलं. त्याने सुट्टीतली नावं सरळ उडवली. आणि चाचणीत काय, तर सुट्टीच्या दिवसाची यादी रिकामी आली की बरोबर — म्हणजे दोघांचं एकमत, झालं हिरवं. अकरा नावं गेली. दहा जणांनी फोन करून डोकं खाल्लं, मेसेज का नाही म्हणून, त्यांना लगेच बोलावून घेतलं. अकराव्याने फोनच केला नाही. वहिनी सांगत होती, पाय सुजले, दम लागायला लागला, तरी आपला म्हणतोय — धाकटा बसलाय ना तिथे, त्याचं काम चोख असतं, येईल मेसेज... हो, माझाच दादा. वर आयसीयूत आहे. चार दिवस झाले, डोळे उघडत नाहीये.

नको, पाणी नको. चौकशीत मी सांगितलं, चूक मशीनची. साहेबांनी तसंच लिहून घेतलं, पाठीवर हात ठेवला. पण ती चाचणीची फाईल मी उघडली होती हो — ती ओळ वाचली होती. मनात आलंसुद्धा, यादी रिकामी कशी, माणसं गेली कुठे? मग म्हटलं, हिरवं आहे ना, आणि जेवायला गेलो. हे कुणालाच माहीत नाही... तुम्हाला कशाला सांगत बसलो मी?

असू दे. पासवर्ड त्या कागदावर आहे. फोन — वहिनीचा आहे. या वेळी ती करत नाही कधी. वाजू दे जरा... तुम्ही बाहेर थांबता का? दार ओढून घ्या.