ज्याचा फोक त्यानं आणावा

— नाही, तुमी बोलू नका सर. जबड्याची तार सैल होईल, मंग नर्सबाई मले बाहेर काढतील. तुमी फक्त ऐका. ठाण्याचे एस.आय. येऊन राह्यले तुमचा जबाब घ्याले. ते एकेका पोराचं नाव घेतील, तुमी मान हलवली का झालं — दहावीची पोरं, सरळ सुधारगृहात. म्हणून आली मी. घसरून पडलो, एवढं खुणेनं सांगा. हात जोडते.

तुमी म्हणान, नीलिमा, हे तूच शिकवलं त्यायले. होय, शिकवलं. विलायतेत शिकताना मी पंक गाणी वाजवणाऱ्या पोरांत राह्यली सर — फाटके कपडे, बेसूर गिटार, पण कोणाच्या परवानगीची वाट पाहत नाहीत ते. येत नाही? मंग येत नाही तसंच वाजव, पण तुझं तू वाजव. तेच आणलं मी मास्तरीण होऊन आपल्या शाळेत, गुडीहत्नूरच्या अलीकडं, या धुळीत. मास्तरची खुर्ची वर्गाबाहेर ठेवली, पोरांनी तेलाचे डबे बडवले, गाणी जुळवली — काय वाईट होतं त्यात? त्या पोरांतल्या चंचलनं तुमच्यावर गाणं केलं. केलं, हो. ज्याले मार खायचा त्यानंच चिंचेचा फोक तोडून आणायचा, बारीक आणला तर परत धाडायचं — ही तुमचीच रीत ना? मीबी आणला आहे फोक तुमच्यासाठी, याच शाळेत, पानं ओरबाडून, साफ करून. गाण्यात खोटं काय होतं? अन् तुमी पोरीच्या कानावर मारलं. रक्त गळ्यावरून कॉलरमधी गेलं सर, अन् तुमी म्हणले, आता गा.

पोरं माह्याकडं आली. मी म्हणलं, मले काऊन विचारता, तुमचं तुमी ठरवा. त्यायनं ठरवलं — सरांनी आपला फोक आपणच तोडून आणावा. एवढंच. बास. वर्गात तुमाले तसं सांगितलं, अन् तुमी हसले. हसायले नको होतं सर. मारायचं कोणाच्याच मनात नव्हतं — पहिला डबा भिंतीवर बसला, दुसरा तोंडावर, मंग कोणाचा हात कोणता ते कोणालेच कळंना, जबडा मोडल्याचा आवाज पार व्हरांड्यात आला, अन् तुमी वर्गाचं दार आतून बडवून राह्यले होते, नखं उलटून गेली तरी बडवून राह्यले होते, अन् मले वाटलं, थोडं अजून, थोडं अजून होऊ द्या, मंग काढू —

— काय झालं? डोळे असे काऊन करता? तुमाले वाटलं, कडी पोरांनी लावली? बाहेरून? सारी पोरं तर आत होती सर.

नका, उठू नका. तारेतून रक्त येऊन राह्यलं, थांबा, पुसू द्या. बुटांचा आवाज येते. बोट खाली घ्या सर. पोलिसांसमोर असं — बरं. नका घेऊ. राहू द्या तसंच, माह्याकडंच राहू द्या. पण हलवू नका, कोणाचंबी नाव घेतलं तरी हलवू नका.

या साहेब. सरांले बोलता येत नाही. ते दाखवून राह्यले, तेवढंच पाहा.