बांधावरचं मढं

...आणि वर मलाच म्हणत्यात, "ज्ञानू, सरक की जरा तिकडं!" अहो, मढं कधी आपण होऊन सरकतंय व्हय? पण ऐकतंय कोण! तुम्हाला सांगतो, मी फक्त एक साधा प्रश्न विचारायला गेलतो.

झालं असं, मी दूध संस्थेत फॅट काढतो आणि आठ वर्षं दिवाळी अंकांना कथा धाडतो. आठही परत! यंदा संपादकसाहेबांचा आपण होऊन फोन. "रहस्यकथा विशेषांक काढतोय. एक जागा तुमच्यासाठी ठेवलीय. शनिवारपर्यंत खून पाहिजे." आता ह्यो खून चुकला म्हणजे परत कोण विचारतंय मला?

बसलो लिहायला. गडमुडशिंगीच्या शिवेवर, उसातल्या बांधावर मढं टाकलं आडवं. डोकं आमच्या गावात, पाय पलीकडच्या गावात... आणि तिथंच गाडी अडली की! दोन गावं, दोन पोलीस ठाणी. गुन्हा नोंदवायचा कुठं? म्हटलं, मीरासाब चाचांना विचारावं. चौतीस वर्षं हवालदारकी केलेला माणूस.

चाचा निवांत पान जुळवत म्हणाले, "त्यात काय हाय? कुठल्याबी ठाण्यात जा. शून्य नंबरनं गुन्हा नोंदवून घ्यावाच लागतोय. मग ज्याची हद्द, त्याच्याकडं कागद जात्यात."

संपलं! माझा प्रश्न संपला! मी उठलोबी... तवर चाचांनी चपला घातल्या. "चल, जागा बघू." अहो चाचा, कथा हाय ती! "असू दे की. जागा बघितल्याबगार पंचनामा कसा करायचा?"

तर तुम्हाला सांगतो, भर दुपारी मी बांधावर उताणा, पाठीखाली ढेकळं, आणि चाचा मोजत्यात, "डोकं ते आंबा, अकरा पावलं..." तेवढ्यात अलीकडच्या उसाचा मालक केरबा आला. "काय झालं?" चाचा म्हणाले, "खून." कथेतला, म्हणायला नको? मी उठून समजावलं, तर गडी आणखीनच भडकला. "छापून येणार म्हंजे सगळं गाव वाचणार! पोरीच्या बोलणीला पावणं यायचं हाईत, आणि माझ्या उसात मढं? सरक तिकडं!" सरकलो. तर पलीकडच्या उसाचा मालक विजयसिंह वराडला, "ओ, हिकडं नको! तोडीला टोळी यायची हाय. मढं म्हटल्यावर उसाला कोयता कोण लावंल?" दादा, खोटं मढं हाय! "ते तुला ठावं. टोळीला कोण सांगणार?" ...आता ह्यात चूक काय हाय, सांगा? मलाच पटलं, हेच दुखणं!

ह्यो म्हणतोय तिकडं, त्यो म्हणतोय हिकडं... अहो, मी फक्त एक साधा प्रश्न विचारायला गेलतो! तासाभरात मढं सरकत सरकत ओढ्याला लागलं. निम्मं गाव गोळा. मग चाचांनी वही काढली, "पंचनाम्याला दोन पंच पाहिजेत. या, सह्या करा." बघता बघता रान मोकळं! केरबाला म्हशीची धार आठवली, विजयसिंहला मोटर. पंच झाल्यावर कोर्टाच्या चकरा कोण मारणार? अहो, कथेतल्या कोर्टाच्या!

येताना चाचांना शेवट ऐकवला. खुनी इन्स्पेक्टरपुढं ढसाढसा रडतोय, सगळं कबूल करतोय. तीन रात्री घासलंय मी ते पान. चाचा म्हणाले, "झकास लिवलंयस. पण पोलिसापुढची कबुली कोर्ट पुरावा म्हणून धरत न्हाई. सुटला त्यो." सुटला? मग त्याला अडकवायचा कसा? "साक्षीदार आण." कुठनं आणू? साक्षीदार तर धारंला गेल्यात!

लई वाईट वाटलं बघा. एक साधा प्रश्न विचारायला गेलतो, आणि खुनी हातचा गेला. मग घरी बसून जसं झालं तसंच लिहून काढलं. ह्या गावानं मढं तिकडं सरकवलं, त्या गावानं आणखी पुढं, पुढच्यानं त्याच्या पुढं... करत करत पार तालुक्याबाहेर. पंच न्हाई, साक्षीदार न्हाई. शनवारी सकाळी धाडलं.

सांजच्याला संपादकसाहेबांचा फोन. "भाषा छान आहे हो तुमची. पण ह्यात खून कुठाय?"

मी म्हटलं, साहेब, त्यो हद्दीबाहेर गेला.

ते म्हणाले, "असं होय? मग कथापण तिकडंच पाठवा."