दुपारचा उपग्रह खालून वर येतो

नाव ओळखपत्रावरून उतरवून घेतलं आहे, पण त्या नावाने कुणी हाक मारली तर मी मागे वळून बघणार नाही. धक्क्यावर मला ढगआजी म्हणतात. वय सत्तरीच्या पुढे, नक्की किती ते आईला ठाऊक होतं. धंदा जाळी सांधणे, हात चालतील तेवढं. शिक्षण दुसरी, तीही अर्धी. राहणार धक्क्यामागच्या गल्लीत, ज्या छपरावर दोन काड्या फाकलेल्या दिसतात ते घर.

मला ठाण्यात कुणी बोलावलेलं नाही. स्वतःच्या पायाने आले आहे, आणि हवालदार बाईंच्या समोर बसून सांगते ते असं की:

घरात मी आणि माझी नात, दोघीच. नात शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे, काचेची भांडी धुते, वायरी जोडून देते. लहानपणापासून तिला उघडलेला रेडिओ बंद करता आला नाही, आणि बंद रेडिओ उघडल्याशिवाय राहवलं नाही. हवालदार बाई म्हणाल्या, "आजी, मुद्द्याचं बोला." मी मुद्द्याचंच बोलते आहे, फक्त मुद्दा जरा लांब राहतो.

शाळेने भंगारात काढलेला एक लॅपटॉप नातीने मागून आणला. त्यातलं जुनं सगळं पुसून लिनक्स नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर घातलं. त्यावर एक जाडा पक्षी येतो, पांढऱ्या पोटाचा. मी विचारलं, हा उडतो का? ती म्हणाली, "नाही गं, हा पोहतो." मग म्हटलं, आपल्यातलाच आहे, राहू दे.

टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून तिने बोटाएवढी एक काडी आणली. ती लॅपटॉपला खोचली की आभाळातलं ऐकू येतं असं तिचं म्हणणं. पण काडी मुळात टीव्ही बघायची. त्यामुळे लॅपटॉप तिला टीव्हीच्या कामाला जुंपून मोकळा व्हायचा, आणि आमचं रेडिओचं सॉफ्टवेअर तिच्याकडे गेलं की सांगायचा, काडी दुसऱ्याच्या हातात आहे. काडीला असं जुंपणाऱ्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात. नातीने त्या टीव्हीवाल्या ड्रायव्हरचं नाव एका फाइलीत लिहून त्याला दाराबाहेर काढलं. मी म्हटलं, म्हणजे घरजावयाला सांगायचं, बाबा रे, पाहुणचार संपला, आता कामाला लाग. ती हसून हसून जमिनीवर बसली. पासवर्डची तर आणखी गंमत. काळ्या पडद्यावर तो लिहिला तरी काही उमटत नाही, टिंबसुद्धा नाही. थेट माझ्या थोरल्या जाऊबाई. सगळं ऐकून घेणार, चेहऱ्यावर रेघ हलणार नाही.

अँटेना म्हणजे ॲल्युमिनियमच्या दोन काड्या, फाकवून बांबूला बांधलेल्या. त्या मी बांधल्या, जाळ्याच्या गाठीने, म्हणून वाऱ्याने अजून हलल्या नाहीत. आपण पृथ्वीवर कुठे आहोत ते लॅपटॉपला आकड्यांत सांगावं लागतं. मग कुठला उपग्रह आपल्या डोक्यावरून केव्हा जाणार ते तो सांगतो. ठाण्याच्या साहेबांनी मघाशी दारातून विचारलं, ह्या यंत्रातून कुणाला संदेश पाठवता का? पाठवता येत नाही. त्याला नुसते कान आहेत, तोंड नाही. तोंड पाहिजे असेल तर हौशी रेडिओवाल्यांचा परवाना लागतो, परीक्षा देऊन. नात त्याचाच अभ्यास करत होती.

पहिलं चित्र आलं तेव्हा मी ताटावरून उठून बघायला गेले. आधी पाण्यात दगड टाकत राहावेत तसा टकटक आवाज, आणि मग एकेक ओळ, जाळं विणताना वाढतं तसं चित्र वाढत गेलं. काळा समुद्र, राखाडी जमीन, वर ढग. मी जन्मभर ढग खालून बघितले. वरून ते पिंजलेल्या कापसासारखे असतात हे मला आता कळलं. मी नातीला म्हटलं, आता मेले तरी चालेल. ती म्हणाली, "थांब, अजून रंगीत यायचंय."

ती कामाला गेली की सकाळचा उपग्रह मी एकटी घ्यायला लागले. वाचायला कशाला पाहिजे? कुठलं बटण हिरवं होतं, कुठे दाबायचं, कुठे थांबायचं, एवढं डोळ्याला पाठ झालं. सकाळचा उपग्रह वरून खाली जातो, उत्तरेकडून दक्षिणेकडे, त्यामुळे चित्र सरळ येतं. दुपारचा मात्र खालून वर येतो. त्याचं चित्र उलटं उतरतं, डोक्यावर उभं राहिल्यासारखं. ते मागाहून फिरवावं लागतं, तसं बटणही आहे. हे मला नातीने सांगितलं होतं. दुपारचा एकटीने घेऊ नकोस, मी आल्यावर बघू, असंही सांगितलं होतं. बाई, हे वाक्य नीट लिहा. तिने सांगितलं होतं.

धक्क्यावरून खाडीपलीकडे तर जाते, माणसं ने-आण करणारी होडी. तरीवाल्याला भोंगा म्हणतात, कारण तो कानात बोलला तरी पलीकडच्या काठाला ऐकू जातं. एकदा मी चित्र बघून त्याला म्हटलं, आज संध्याकाळी पलीकडे राहू नकोस, समुद्रावरून मोठं काही येतंय. तो हसला, पण लवकर परतला, आणि रात्रभर असा वारा सुटला की दोन होड्या उलट्या झाल्या. पुन्हा एकदा तसंच झालं. तेव्हापासून भोंगा सकाळी दोर सोडायच्या आधी गल्लीच्या तोंडाशी उभा राहून ओरडायचा, "ढगआजी, सोडू का?" आणि मी दारातून हात केला की सोडायचा. मासेवाल्या विचारायच्या, वाळवण घालू का. एकाला मुलासाठी मुलगी बघायला जायचं होतं, तोही विचारायला आला. मी म्हटलं, अरे, ढग दिसतात, मुलगी दिसत नाही. जन्मभर मला कुणी काही विचारलं नव्हतं. भाजीत मीठ किती, एवढंच.

आता त्या दिवसाचं सांगते.

नात परवान्याच्या परीक्षेला शहरात गेली होती. पहाटेच निघाली. सकाळी वीज नव्हती, त्यामुळे सकाळचा उपग्रह हुकला. भोंगा आला, मी म्हटलं, आज माहीत नाही, तुझं तू बघ. तो गेला. जाताना म्हणाला, "आज दुकान बंद वाटतं आजीचं." मासेवाल्या हसल्या. मीही हसले.

जेवणानंतर वीज आली. दुपारच्या उपग्रहाची वेळ पडद्यावर दिसत होती. मी तो घेतला. चित्र स्वच्छ आलं, इतकं स्वच्छ कधी आलं नव्हतं. खालच्या डाव्या कोपऱ्यात ढगांचा एक मोठा भोवरा, आमच्याकडे तोंड करून. वादळ आमच्याकडे त्याच बाजूने येतं, समुद्राच्या. मी धक्क्यावर गेले आणि भोंग्याला सांगितलं, दोर बांध, मोठं वादळ येतंय. ऊन कडक होतं. एक गडी म्हणाला, "आजी, आभाळात चिमणीसुद्धा नाही." भोंगा त्याला म्हणाला, "तुझा डोळा छपरापर्यंत पोचतो, तिचा चंद्रापर्यंत." त्याने आपली तर दुहेरी दोराने बांधली. इतरांनीही होड्या वर ओढल्या.

खरं म्हणजे ते वादळ आमच्या मागे होतं, डोंगरापलीकडे, आमच्याकडे पाठ करून चाललेलं. चित्र उलटं होतं. जे वर उजवीकडे असतं ते मला खाली डावीकडे दिसलं.

पलीकडच्या काठावर पिठाच्या गिरणीवाल्याची सून अडली होती. दिवस भरायचे होते, पण कळा आधीच सुरू झाल्या. दवाखाना अलीकडे, आमच्या काठाला. त्यांनी काठावरून कापड हलवलं, हाका मारल्या, भोंग्याला फोन केला. भोंगा म्हणाला, वादळ येतंय, मधे अडकलो तर दोघांचे जीव जातील, पुलावरून न्या. पुलाचा रस्ता फिरून जातो आणि खडबडीत आहे. त्यांनी टेम्पोने नेली. बाळ टेम्पोतच झालं.

ते आता काचेच्या पेटीत आहे. श्वास मशीनवर घेतं असं सांगतात.

संध्याकाळपर्यंत पाऊस आला नाही, वारा आला नाही. नात दिवेलागणीला आली, खुशीत होती, पेपर चांगला गेला म्हणाली. मी तिला चित्र दाखवलं. तिने एक बटण दाबलं, चित्र गरकन फिरलं. मग ती खुर्चीवर बसली आणि बराच वेळ पायातल्या चपलाही काढल्या नाहीत. मी विचारलं, जेवतेस ना? ती म्हणाली, "आजी, तू कुणाला सांगितलंस?"

गिरणीवाल्याची तक्रार अशी आहे की वादळाची अफवा उठवून तर बंद पाडली. तो खोटं बोलत नाही. पोलिसांनी लॅपटॉप आणि काडी नेली, अँटेनाचे फोटो काढले. आणि काल माझ्या नातीने याच टेबलावर लिहून दिलं की चित्र तिने घेतलं, यंत्र तिने वेळ लावून ठेवलं होतं, फिरवायला तीच विसरली, आणि फोनवरून आजीला तिनेच सांगितलं. हे मला भोंग्याकडून कळलं. घरी तिने मला एक शब्द सांगितला नाही, उलट माझे पाय चेपले. तेव्हाच मी समजायला पाहिजे होतं.

माझं म्हणणं असं की तिचा जबाब खोटा आहे. परीक्षेच्या दालनात फोन बाहेर काढून घेतात, तिथल्या लोकांना विचारा. तिने आयुष्यात पहिल्यांदा खोटं लिहिलं असेल, तिला सवय नाही, म्हणून पकडलं जातं. तिच्यावर गुन्हा लागला तर शाळेतली नोकरी जाईल आणि परवाना कधीच मिळणार नाही. मला कुठे नोकरी आहे? माझ्याकडून काय काढून घ्याल? मी म्हणजे पिकलं पान. साहेब म्हणाले, "आजी, नातीला वाचवायला तुम्ही पण खोटं बोलत असाल." बरोबर विचारलं त्यांनी. म्हणून मी म्हटलं, काडी आणा, लॅपटॉप आणा. त्यांनी आणले. टेबलावर बाईंच्या देखत मी तो चालू केला, सॉफ्टवेअर उघडलं, कुठे काय दाबलं ते सगळं करून दाखवलं. मला वाचता येत नाही हे पण दाखवलं. साहेबांनी मग खुर्ची पुढे ओढली आणि बाईंना म्हणाले, "लिहून घ्या."

काल मी दवाखान्यात गेले होते. काचेबाहेर एकच बाक आहे. त्यावर त्या बाळाची आजी बसली होती, गिरणीवाल्याची बायको. तिने सरकून मला जागा दिली. विचारलं, "तुमचं कोण आहे आत?" मी म्हटलं, आहे एक. तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढून पुढे केली. मी प्यायले. मी कोण ते सांगितलं नाही, आणि उठून आले.

जबाब इथे संपला असं बाई म्हणाल्या आणि त्यांनी तो मला वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी त्यांनी चांगल्या मनाने लिहिलं होतं की वयोमानाने आणि अजाणतेपणी माझ्याकडून चूक झाली. ते मी खोडायला लावलं. बाई म्हणाल्या, "आजी, हे तुमच्याच भल्याचं आहे." असेल. पण मी अजाण नव्हते. चित्र आलं तेव्हाच मला खटकलं होतं. समुद्र नेहमी डाव्या हाताला असतो, त्या दिवशी काळा भाग उजवीकडे होता. मी तो बघितला. ढगाची सावली असेल असं मनाला सांगितलं. नात संध्याकाळी येणारच होती, थांबता आलं असतं. पण सकाळी त्या मासेवाल्या हसल्या होत्या, आणि धक्क्यावर जाऊन सांगावं असं माझ्याकडे काहीतरी होतं. खोडलेल्या जागी एवढंच लिहिलं आहे: कळलं होतं, तरी गेले.

खाडाखोडीशेजारी माझा अंगठा घेतला आहे. दुसऱ्यांदा पूर्ण वाचून दाखवलं, ते माझ्या सांगण्याबरहुकूम आहे, कमी नाही, जास्त नाही. नात बाहेरच्या बाकावर आहे. तिचा कालचा कागद परत द्यावा किंवा फाडावा, साहेबांच्या नियमात बसेल ते. आणि ह्याची एक प्रत दवाखान्यातल्या त्या बाईंना वाचून दाखवावी. त्या मला ओळखत नाहीत. पाण्याची बाटली दिली होती असं सांगितलं की ओळखतील.